उरलेलं क्रियापद

१२ जून

प्रिय खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन-तीन दिवस तसंच ठेवलं असणार, आणि बायकोने हटकल्यावर उघडलं असणार. असू दे. उघडलंस ना, मग आता अर्ध्यात टाकू नकोस.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. घाबरू नकोस, जिवावरचं टळलंय. सकाळी दाढी करत होते, मी दुकानात जायचं म्हणून डबा भरत होते, आणि बेसिनमध्ये वस्तरा पडल्याचा आवाज आला. आत गेले तर अर्ध्या गालाला साबण आणि स्वतः फरशीवर बसलेले. माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मीच त्यांना तिथे बसवलं होतं. उजवी बाजू गेली. हात पूर्ण, पाय बराचसा. आता हॉस्पिटलमधून घरी आणलंय. पलंग बाहेरच्या खोलीत, फोनच्या टेबलाशेजारी लावलाय, कारण चाकाची खुर्ची आतल्या दारातून जात नाही. त्यांचं पुस्तकांचं कपाट हलवायला शेजारचे तिघे लागले. कपाटामागे तुझी एक गोटी आणि आईची केसांची पिन सापडली. पिन मी लावते आहे.

आधीच का कळवलं नाही असं विचारशील. कळवून तू काय करणार होतास? हा टोमणा नाही. बरं, थोडा आहे.

आता मुद्द्याचं, जे मी पान उलटेपर्यंत टाळलं. त्यांची वाचा गेली. समजतं सगळं. पेपर समोर धरला की डोळे ओळींवरून फिरतात, सुपात मीठ घालायला विसरले की तोंड वाकडं करतात, शेजारीण थापा मारायला लागली की भुवई वर जाते. डोकं शाबूत आहे, तिथून तोंडापर्यंतचा रस्ता खचलाय. सुरुवातीला नुसते घशातून आवाज काढायचे. मग एकदा नर्स उशी सारखी करता करता दारातल्या कोणाशी तरी बोलायला थांबली, आणि बाबा एकदम खणखणीत, वर्गात बोलायचे तसे बोलले. ती इतकी दचकली की तिने उशी आणखी दोनदा सारखी केली.

तेव्हापासून तेवढंच बोलतात. पाणी हवं असेल तरी तेच, नको असेल तरी तेच. काय ते तू एव्हाना ओळखलं असशील. लिहायला हात धजत नाहीये, पण आपल्या घरात गोष्टींची नावं न घेता राहण्याची पद्धत आता फार झाली. गो ऑन.

मी हसले रे. खोटं कशाला सांगू. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून पोट दुखेपर्यंत हसले, मग रडले, मग तोंड धुऊन आत गेले तर ते पाण्याच्या ग्लासकडे बघून तेच म्हणत होते.

तू हसला नसशील हे मला माहीत आहे. उत्तर पाठव. कार्ड चालेल.

तुझी
ताई


३० जून

प्रिय खारू,

तुझं कार्ड मिळालं. 'वाचलं. कळवत जा.' एवढा मजकूर लिहायला तू किती कार्डं फाडलीस ते तुझ्या बायकोलाच विचारायला हवं. पण 'कळवत जा' म्हणालास ना, मग आता ऐकून घे.

दुकानात माझं नेहमीचंच चाललंय. काचा घासायच्या, चौकटीत बसवायच्या, लोकांच्या कानामागच्या दांड्या वाकवायच्या. परवा एका आजोबांना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. ते चौथ्या ओळीवर थांबले तर मी म्हटलं, 'पुढे? पुढे वाचा.' आणि माझाच आवाज ऐकून मला कसंतरी झालं. आजोबांना त्याचं काही नव्हतं, त्यांना खरंच दिसत नव्हतं.

बाबांचा तो तास तुला आठवत असेल. तू त्यांच्या वर्गात होतास. मी मुलींच्या शाळेत, त्यामुळे मला तो जेवताना ऐकावा लागला. इंग्रजी क्रियापद म्हणजे साधा नोकरदार माणूस, असं ते सांगायचे. ऑन, ऑफ, आउट, अप यांतली जी बायको त्याला मिळेल तसा तो वागतो. आणि गो या गृहस्थाची सगळ्यांशी लग्नं झालेली. आई स्वयंपाकघरातून विचारायची, बायकोचा स्वभाव कोणामुळे बदलतो ते कोणत्या इयत्तेत शिकवतात? बाबा ते ऐकू न आल्यासारखं करायचे आणि पुढे एकट्या गो ऑनचे अर्थ सांगत सुटायचे. चालू ठेव. पुढे हो. काय चाललंय? दिवा लागला. दिवस सरत गेले. एखादी बाई तीच ती कटकट करते तेही, आणि एखाद्याच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही तेव्हा आपण 'चल, काहीतरीच' म्हणतो तेही. फळा भरायचा आणि पोरं पाठ करायची.

आता मी पाठ करते आहे. मान खिडकीकडे वळवून म्हणाले तर पडदा सार. दात आवळून म्हणाले तर पुरे झालं. डोळे मिटून म्हणाले तर पाठ दुखतेय. भराभर म्हणाले तर भांडं आण, आणि तेव्हा अर्थ लावत बसायचं नसतं. काही अर्थ मात्र फळ्यावर कधीच नव्हते. परवा दुकानातून आले, चपला काढल्या आणि दारातच खाली बसले, उठवेना. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, इतकं हळू की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. त्याचा अर्थ तुला सांगणार नाही. तो माझा आहे.

घास गालात धरून बसतात. तू लहानपणी तस्सा बसायचास, आणि आई म्हणायची, ही बघा आमची खार. आता घरात दुसरी खार आहे, सत्तरीच्या पुढची.

दिवसा एक बाई त्यांच्यापाशी असतात, त्यांना मी मावशी म्हणते. गप्पिष्ट आहेत. त्यांच्या चुलत जावेने त्यांचा कसा छळ मांडलाय ते सांगता सांगता त्या श्वास घ्यायला थांबतात, बाबा म्हणतात गो ऑन, आणि मावशी आणखी जोमाने सुरू होतात. इतकं आवडीने ऐकणारं माणूस आपल्याला जन्मात भेटलं नाही, असं त्या मला डोळ्यात पाणी आणून म्हणाल्या. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र फळ्यावरचा कटकटवाला अर्थ अगदी ठळक लिहिलेला होता.

त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. आता नळदुरुस्तीचा धंदा आहे, टक्कल पडलंय, आवाज दणदणीत. 'सर, ओळखलंत का?' म्हणाला आणि पुढे काय बोलावं ते न सुचून गप्प झाला. बाबा म्हणाले गो ऑन. तो गृहस्थ ताडकन उभा राहिला, टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं आणि मोठ्याने वाचायला लागला. बाजारभावाचं पान होतं. सगळं वाचलं त्याने. जाताना जिन्यात रुमाल काढून डोळे पुसत होता आणि हसतही होता.

सगळे हसतात, खारू. तू सोडून सगळ्यांना ते दोन शब्द गोड वाटतात.

वाचा-उपचार करणारी मुलगी आठवड्यातून एकदा येते. तिला मी विचारलं, हेच का उरलं? ती म्हणाली, जे आयुष्यभर न ठरवता तोंडातून निघालं ते कधीकधी उरतं. कोणाच्या शिव्या उरतात, कोणाचे आकडे, कोणाचं एखादं नाव. आपण काय बोलतोय ते त्यांना कळतं, म्हणूनच बोलून झाल्यावर ते स्वतःवर चिडतात. पण समोरचा माणूस थांबला की ते निघणारच, आवरायचं म्हटलं तरी त्यांना आवरणार नाही.

कोणाचं एखादं नाव, असं ती म्हणाली आणि मला वाईट वाटलं. आईचं नाव उरलं असतं तर. तुझं उरलं असतं तरी मी रागावले नसते.

तू म्हणशील ताई मुद्दाम शाळेच्या सभागृहाला वळसा घालतेय. नाही घालत. आईच्या शोकसभेत तू व्यासपीठावर होतास आणि 'आई' या शब्दावरच अडलास. मी तिसऱ्या रांगेत होते. सगळे माना खाली घालून थांबले होते, आणखी थोडं थांबले असते तर तू बोलला असतास. पहिल्या रांगेतून बाबा म्हणाले गो ऑन. एकदा नाही. जेवणाच्या टेबलाशी तुला उभं करून वाचायला लावायचे आणि तू एखाद्या अक्षरावर अडलास की म्हणायचे त्याच आवाजात. तू पायऱ्या उतरून बाजूच्या दाराने गेलास तो गेलासच. मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांच्याकडे अडलेल्या मुलासाठी तेवढं एकच औषध होतं आणि ते तुला लागू पडत नाही हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. इंग्रजीत इतके अर्थ ठाऊक असलेल्या माणसाला तुझ्या चेहऱ्यावरचा एक कळला नाही.

कळवत जा म्हणालास म्हणून कळवलं.

ताई


२१ जुलै

प्रिय खारू,

एक काम आहे. आधीच 'नाही' लिहून टाकू नकोस.

त्या उपचारवाल्या मुलीने विचारलं, घरात यांच्याशी बोलणारं आणखी कोण आहे? ओळखीचा आवाज कानावर पडला तर कधीकधी एखादा शब्द सुटतो, म्हणाली. मी म्हटलं, एक मुलगा आहे, लांब असतो. ती म्हणाली, मग फोनवर बोलू देत की. तिला काय ठाऊक. तिला वाटतं फोन म्हणजे नंबर फिरवायचा आणि बोलायचं.

मला ठाऊक आहे. दुकानदाराला साबण मागायला लागू नये म्हणून तू दुसऱ्या गल्लीतल्या, आपल्या हाताने माल उचलून घेता येतो त्या दुकानात जायचास, हे मी बघितलंय. तुझ्या नोकरीत फोन दुसराच कोणी उचलतो हेही तुझ्या बायकोने मला सांगितलंय. तरी मागते आहे. कोणासाठी म्हणून विचारलंस तर माझ्यासाठी मागते.

आता दुसरं. हे मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. ती मुलगी गेल्यावर बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आणि मी म्हणून बसले, 'करेल हो फोन. रविवारी करेल.' का म्हणाले ते सांगता येणार नाही. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी थांबले असते तर ते म्हणाले असते.

तर आता आमच्याकडे रविवार असतो. सकाळी मला खुणेने दाढीचं सामान आणायला लावतात. मी दाढी करते. वस्तऱ्याला अजून भिते, म्हणून वेळ लागतो. इस्त्रीचा शर्ट हवा असतो. उजवा हात बाहीत घालणं म्हणजे झोपलेल्या पोराला कपडे घालण्यासारखं आहे. मग खुर्ची फोनकडे तोंड करून लावायची. पेपर घेत नाहीत. मावशींना रविवारी सुट्टी असते, त्यामुळे घरात आवाज नसतो. दुपारी मी विचारते, आडवं व्हायचं का? ते म्हणतात गो ऑन, आणि तो अर्थ आता मला चांगलाच पाठ झालाय. तू जा, मी बसतो.

मागच्या रविवारी फोन वाजला. मी हात पुसत धावले. कोणी बाई धोब्याचं दुकान का म्हणून विचारत होत्या, पलंगपोस तयार झाले का म्हणून. मी राँग नंबर म्हटलं आणि ठेवला. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सांगितलं, धोबी. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा फोनकडे बघायला लागले, जसं काही धोब्यानंतर तुझा नंबर होता.

तुला मोठं भाषण करायचं नाहीये. 'बाबा' म्हण आणि ठेव. म्हणायला जितका वेळ लागेल तितका लागू दे.

त्यांच्या मनात काय आहे ते मी सांगू शकत नाही. माफी मागायची असेल, किंवा तुझ्या इंग्रजीची परीक्षा घ्यायची असेल, काही नेम नाही. पण शर्ट घालून बसतात एवढं खरं.

ताई


११ ऑगस्ट

खारू,

तुझं कार्ड आलं. तुझे शब्द तुलाच परत लिहून पाठवते, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. 'मला फोनवर बोलता येत नाही. त्यांच्याशी तर नाहीच. आणि ते दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकणार नाही, कधीच नाही.'

तुझं बरोबर आहे. मी दोन दिवस तुझ्यावर चिडून घरात आदळआपट केली, एक बशी फोडली, आणि मग मला वाटलं, तुझं बरोबर आहे.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, असं मावशी म्हणतात. पण कार्ड आलेलं त्यांनी बघितलं होतं, तुझं अक्षर ते माझ्याआधी ओळखतात. काहीतरी गोड रचून सांगायचा धीर झाला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मी थांबले. थांबल्यावर जे निघतं ते निघालंच. त्यांनाही ते ऐकू आलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि संध्याकाळपर्यंत वळवलं नाही.

त्यानंतर पुन्हा एक झटका आला. हा तुझ्या कार्डामुळे नाही, डॉक्टरांना मी विचारून घेतलं, ते म्हणाले येणारच होता. आता गिळता येत नाही. नाकातून नळी घातली आहे. खुर्ची घडी करून ठेवली, रविवारचा शर्ट धुऊन कपाटात गेला. डावा हात तेवढा हलतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, आणि बाहेर बोलावतात तेव्हा काय सांगतात ते तुला माहीत आहे. आशा धरू नका. मी धरलेली नव्हतीच. मला एवढंच वाटत होतं की तुम्हा दोघांमधली शेवटची गोष्ट ते सभागृह असू नये.

तू ये असं म्हणत नाही. फोन कर. रिसीव्हर माझ्या हातात असेल. त्यांचे ओठ हलले की मी कानापासून ओढून घेईन आणि तुला काही ऐकू येणार नाही. मी शब्द देते. नंतर पुन्हा कधी काही मागणार नाही.

ताई


६ सप्टेंबर

(पहिलं कार्ड)

खारू, बाबा गेले हे तुझ्या बायकोने तुला सांगितलंच असेल. दुपारी गेले, मी दुकानात होते, मावशी जवळ होत्या. मी पोचले तेव्हा मावशी पलंगाशेजारी बसून त्यांना चुलत जावेचं काहीतरी सांगत होत्या, मला बघून गप्प झाल्या. तू आला नाहीस. त्याबद्दल हे कार्ड नाही. तुझ्या फोननंतर मी तुला दोन पाकिटं पाठवली, दोन्ही न उघडता परत आली, वर तुझ्या अक्षरात 'नको' लिहिलेलं. म्हणून कार्ड. कार्ड उघडावं लागत नाही. घरातल्या गोष्टी कार्डावर लिहू नयेत, पोस्टमन वाचतो, असं आई म्हणायची. वाचू दे त्याला. तुझ्या जिन्यातल्या सगळ्यांनी वाचलं तरी चालेल, कोणीतरी तुला सांगेल. जागा संपली, दुसरं सोबतच टाकते.

(दुसरं कार्ड)

तू फोन ठेवल्यावर मी उलटा फोन केला होता. तुझ्या बायकोने घेतला. म्हणाली, ते गॅलरीत उभे आहेत, येत नाहीत. मग तू काय म्हणालास तेही तिने सांगितलं. नर्सला, नळवाल्याला, कामाच्या बाईला, सगळ्या जगाला देण्यासाठी त्यांच्याकडे दोन शब्द होते. माझ्यासाठी तेही काढले नाहीत. हे तू एका दमात, न अडता म्हणालास, असंही ती म्हणाली. तुला तिकडून दिसत नव्हतं. इकडचं सांगते. रविवार नव्हता, कोणी वाट बघत नव्हतं. मी त्यांची नखं कापत होते. फोन वाजला, उचलला, पलीकडून कोणी बोलेना, म्हणून मी ओळखलं की तूच. 'बाबा, खारू आहे' म्हटलं आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. माझंही डोकं तिथेच होतं, त्यामुळे मला ऐकू येत होतं. तिसरं कार्ड बघ.

(तिसरं कार्ड)

तू ब वर अडलास. ब, ब, असं बराच वेळ चाललं, मग तोही आवाज थांबला आणि नुसता तुझा श्वास येत होता. समोरचा थांबला की त्यांच्या तोंडून काय निघतं ते तुला लिहिलंय. ओठ हलायला लागले. मी दिलेला शब्द पाळणार होते, रिसीव्हर ओढणारच होते, तेवढ्यात त्यांनी डावा हात पांघरुणातून काढला आणि स्वतःच्या तोंडावर दाबला. तळव्याच्या आत ते शब्द येतच होते, गाल हलताना मला दिसत होते, पण बाहेर एक अक्षर आलं नाही. अर्धी नखं कापलेली, अर्धी तशीच, ती गालात रुतली होती. मी बोलायला हवं होतं. तुला सांगायला हवं होतं. पण त्या घरात तुला पहिल्यांदाच कोणीतरी थांबू देत होतं, आणि ते माझ्या आवाजाने मोडावं असं मला वाटलं नाही. मग तिकडून खट् झालं. मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि म्हटलं, 'बाबा, त्याने ठेवला.' त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मी हात धरून खाली घ्यायला गेले तर सोडेनात. त्यांना वाटत होतं, तू अजून बोलायचा आहेस.

ताई